दारावरचा हात

त्या रविवारी सकाळी बाबांनी वर्तमानपत्राची घडी वेगळी घातली. एरवी ते पेपर मधोमध दुमडून, तळहाताने इस्त्री केल्यासारखा सपाट करून ठेवत. जन्मभर जमीनमोजणीच्या खात्यात नकाशांच्या घड्या घातलेला माणूस. घडी चुकली तर त्यांना जेवण गोड लागत नसे. पण त्या दिवशी त्यांनी पहिलं पान आत घेतलं, त्यावरचा फोटो मिटेल अशा बेताने, आणि मग चहाच्या कपाला हात लावला. फोटोत एक बाई होती. आदल्या दिवशी पूल ओलांडताना एक बस नदीत गेली होती, आणि काठावर चिखलात बसून ती बाई एका लहान बुटाकडे बघत होती. पान बाबांच्या मुलीनेच लावलं होतं. फोटो कुठला घ्यायचा, केवढा घ्यायचा, वर मथळा कुठला द्यायचा, हे सगळं रोज संध्याकाळी ती ठरवत असे. बारा वर्षं बातमीदारी करून झाल्यावर तिला त्या खुर्चीवर बसवलं होतं. "या बाईला विचारलं होतं का?" बाबा म्हणाले. ती बेसिनपाशी दात घासत होती. तोंडातला फेस टाकून म्हणाली, "काय विचारायचं?" "फोटो छापू का म्हणून." ती हसली. "बाबा, विचारलं तर कोण हो म्हणतं? आणि विचारेपर्यंत दुसऱ्याच्या पेपरात आलेला असतो." बाबांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे. नोंद घेतली एवढंच. "आम्ही मोजणीला जाण्याआधी आठ दिवस नोटीस द्यायचो," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या जमिनीत पाऊल टाकायचं तर. बांधावर उभं राहायचं असलं तरी." आतल्या खोलीतून शिवणयंत्र थांबवून आई ओरडली, "अहो, निघा आता, नाहीतर तुमची खुर्ची जाईल आणि दिवसभर आमचं डोकं खाल!" बाबांनी चष्म्याचं घर खिशात टाकलं आणि वाचनालयाच्या वाटेला लागले. घरी फक्त मुलीचा पेपर येई. उरलेले पाच ते तिथल्या वाचनकक्षात, खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीवर बसून वाचत. जाताना ते काय म्हणाले, हे तिला आठवत नाही. बहुधा काहीच म्हणाले नसतील. रोज जाणारा माणूस काय म्हणून जाणार?

साडेअकराला तिला ऑफिसमधून फोन आला. वृत्तसंपादक होते. तुझ्या घराजवळ ते जुनं वाचनालय आहे ना, त्याचा वरचा मजला खाली आलाय म्हणतात, खाली वाचनकक्षात माणसं होती, तुझी पाळी तीनची आहे माहीत आहे मला, पण जातेस का, मुनी निघालाय कॅमेरा घेऊन. तिचे बाबा तिथे बसतात हे त्यांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. ती म्हणाली, "जाते." पुढे कितीतरी महिने तिला त्या शब्दाचा स्वर ऐकू येत राहिला. तो कामाचा स्वर होता. चपला घालताना, जिना उतरताना, रस्त्याने जवळजवळ पळताना अंगात दुसरंच काही चाललं होतं, छातीत कुणी ओला टॉवेल पिळत असल्यासारखं. पण फोनवर ती "जाते" म्हणाली होती, एखादी पावती फाडून द्यावी तशी. आईने यंत्रावरून मान वर न करता विचारलं, "कुठे गं?" "ऑफिसचं काम." तेही त्याच स्वरात.

वरच्या मजल्यावर पन्नास वर्षांची वर्तमानपत्रं बांधून ठेवलेली होती, पुठ्ठ्याच्या जाडजूड खंडांत. त्या वजनाने मजला खचला. दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात हे सगळं सात शब्दांत बसवलं होतं. मथळा तिने लावला नव्हता, दुसऱ्या कुणी लावला होता. पण तो वाचताक्षणी, घरात माणसं भरलेली असताना, भिंतीला टेकून बसल्या बसल्या तिच्या मनात आलं होतं: चांगला आहे. त्या एका क्षणाची तिला जेवढी शिसारी आली तेवढी पुढे कशाचीच आली नाही. त्या दुपारी इस्पितळात चौथ्या स्ट्रेचरवर बाबा होते. खिशातलं चष्म्याचं घर शाबूत होतं, आत चष्मासुद्धा. म्हणजे वाचायला सुरुवातही झाली नव्हती. तिने ऑफिसला फोन केला. "मी बातमी देऊ शकणार नाही. बाबा होते आत. गेले." आणि लगेच पुढे म्हणाली, "मृत सात. आकडा वाढेल." आणि फोन ठेवला.

घरी आली तेव्हा दोन वाजले होते. चावीने दार उघडलं. आतल्या खोलीत शिवणयंत्र चालू होतं, तालात, मध्येच थांबत, पुन्हा. आईला काहीच कळलेलं नव्हतं. टीव्ही ती संध्याकाळशिवाय लावत नसे आणि यंत्र चालू असलं की तिला दारावरची घंटाही ऐकू येत नसे. आता आत जायचं आणि सांगायचं. बारा वर्षांत तिने किती घरांत हे काम केलं होतं! कधीकधी पोलिसांच्याही आधी ती पोचत असे, आणि चेहऱ्याकडे बघूनच घरच्यांना कळत असे. पण इथे तिला हात धुवावेसे वाटले. नखांत धूळ होती, पांढरी, चुन्याची. ती बेसिनपाशी उभी राहून नखं धूत राहिली. एक एक बोट. पाच मिनिटं, तिने स्वतःला सांगितलं. आईला आणखी पाच मिनिटं नवरा असू दे. तेवढ्यात घंटा वाजली. तिने दार उघडलं. मुनी उभा होता. दिवसाला दहा वाक्यंसुद्धा बोलत नाही म्हणून ऑफिसने त्याला मुनी केलं होतं. त्याचं खरं नाव पगारपत्रकावर राहिलं होतं. केसांत, भुवयांत, ओठांवर तीच पांढरी धूळ. कॅमेरा पाठीमागे. तो म्हणाला, "पाणी मिळेल का?" आणि ती पाणी आणायला आत गेली.

इथेच तिचं डोकं अडतं. चौदा वर्षांपूर्वी, मुनी नवीन होता तेव्हा, एका आगीत गेलेल्या पोराच्या घराखाली स्कूटर लावताना तिनेच त्याला शिकवलं होतं. कॅमेरा मागे धरायचा. पेपरचं नाव आधी सांगायचं नाही. आणि पाणी मागायचं. ज्या घरात माणूस गेलंय तिथे पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. माणूस पाण्यासाठी आत वळलं की दार आपलं. मुनी म्हणाला होता, "आणि पाणी प्यायचं?" तिला हसू आलं होतं. "प्यायचं की. तहान लागली असेल तर." ती युक्ती तिने कुठून शिकली नव्हती, स्वतः शोधली होती, पुढे सगळ्या पेपरांत गेली, एखादा विनोद पसरावा तशी, मालक कोण हे कुणाला न कळता. आणि तिच्याच उंबऱ्यावर तिचंच वाक्य येऊन उभं राहिलं तेव्हा तिला ते ओळखू आलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पेला विसळला, गाळणीच्या नळाखाली धरला. त्या नळाची धार बारीक. बाबा म्हणत, या नळाखाली पेला ठेवून माणूस अंघोळ करून येईल. पेला अर्धा झाला तेव्हा यंत्र थांबल्याचं तिला कळलं. आईचा आवाज आला, मोकळा, घरगुती: "अरे, तू होय! हा काय अवतार? पिठाच्या गिरणीत पडलास की काय?" मुनी पूर्वी चारदा चहाला आला होता. तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. मग आई: "वाचनालयात? आमचे हे तिकडेच गेलेत." मग काही नाही. नळाची धार. आणि मग दोन आवाज आले, एक आईचा आणि एक कॅमेऱ्याचा. कुठला आधी आला हे ती वर्षभर मनात मागेपुढे करून बघते आहे. आईचा आधी असेल तर मुनीने जे होतं ते टिपलं. कॅमेऱ्याचा आधी असेल तर तो वाट बघत होता.

फोटो सगळीकडे गेला. इतर पेपरांनी विकत घेतला, टीव्हीवर आला, लोकांच्या मोबाइलवर आला, शेवटी त्याला बक्षीस मिळालं आणि तो मोठा करून ऑफिसच्या बोळात, पिण्याच्या पाण्याच्या यंत्राशेजारी लावला गेला. आई अनवाणी, दाराकडे धावत निघालेली, मध्येच वळून कॅमेऱ्याकडे बघणारी. गळ्यात शिवणकामाची टेप. तोंड उघडं. तिच्यामागे अर्धवट उघडं दार, आणि दाराच्या कडेवर, फोटोच्या अगदी उजव्या बाजूला, बाहेरून आलेला एक हात. अंगठ्याच्या मुळाशी इस्त्रीने भाजल्याचा तिरका डाग. हा हात समोरच्या काकूंचा होता. डाग याच घरातल्या इस्त्रीचा, वीस वर्षांपूर्वीचा. आईने स्वतः त्यावर मलम लावलं होतं. तिसाव्या की एकतिसाव्या दिवशी आईने तो अंक मागून घेतला, चष्मा लावला आणि बराच वेळ बघून म्हणाली, "हिनं उघडलं होय दार." एवढंच. मग काकू आल्या की आई आतल्या खोलीत जाऊन यंत्र चालू करू लागली. सुईत दोरा नसला तरी. काकूंकडे या घराची एक किल्ली असे, ती परत आणायला लावली नाही, पण काकूंनी दिलेली भाजी शिळी होऊ दिली. "त्या पोराचा मला राग नाही," आई म्हणे. "तो त्याचं काम करत होता. पण ही? तीस वर्षं हिच्याबरोबर एका जिन्यात काढली. माझा तमाशा लोकांना दाखवायला हिला दार धरून उभं राहावंसं वाटलं?" लेक तिथेच, जेवणाच्या टेबलाशी बसलेली असे. फोटोत हात दिसतो, हात कुठल्या बाजूला ओढतो आहे ते दिसत नाही. जिन्यात त्या वेळी आणखी दोन कॅमेरेवाले चढत होते आणि काकू दार बाहेरून ओढून लावत होत्या. हे तिने पाण्याचा पेला हातात धरून, स्वयंपाकघराच्या चौकटीतून, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. वीस वर्षं पेपरात काढलेल्या, रोज फोटोखालच्या ओळी लिहिणाऱ्या बाईला ही एक ओळ लिहिता आली नाही. आज सांगू, पहिला सण होऊन जाऊ दे, आईचा रक्तदाब उतरू दे, हिवाळा जाऊ दे. प्रत्येक दिवशी ते वाक्य थोडं लांबत गेलं, कारण आता त्यात दार उघडण्याबरोबर न सांगण्याचे दिवसही जोडावे लागत होते.

गेल्या शुक्रवारी वृत्तसंपादकांनी तिला बाजूला बोलावलं. सज्जन माणूस, बोलताना पेनाचं टोपण काढतो, लावतो. "पुढच्या सोमवारी वर्ष होतंय. पान करायचं आहे. तो फोटो पुन्हा घ्यावा म्हणतोय. तुझी हरकत असेल तर..." "माझी नाही," ती म्हणाली, "आईची असू शकते. तिला विचारावं लागेल." ते थोडे हसले, वाईट नाही, दमल्यासारखे. "विचारलं तर कोण हो म्हणतं?"  वाक्य तिचंच होतं, शब्दसुद्धा तेच, फक्त टूथपेस्टचा फेस नव्हता. "तरी विचारते," ती म्हणाली. "आठ दिवस आधी विचारायची पद्धत आहे." "कुठे?" "मोजणीखात्यात." त्यांना काही कळलं नाही. "बरं, रविवारपर्यंत सांग." बाहेर बोळात मुनी पाण्याच्या यंत्राशी उभा होता, स्वतःच्या फोटोकडे पाठ करून. वर्षभरात दोघं कामापुरतं बोलले होते. पान, आकार, उभा, आडवा. तिने विचारलं, "तू त्या दिवशी पाणी का मागितलंस?" त्याने कागदी पेला चुरगाळला, मग पुन्हा सरळ करायचा प्रयत्न केला. "तहान लागली होती," तो म्हणाला. "दोन तास धूळ खात होतो. तुझं घर जवळ होतं." ती वाट बघत राहिली. मुनीकडून पुढचं वाक्य काढायचं तर वाटच बघावी लागते. "आणि तू शिकवलं होतंस. दोन्ही. मी पण खूप विचार केला गं. मला वेगळं नाही काढता येत." "पाणी प्यायलास?" "नाही." पेला टोपलीत टाकत म्हणाला, "तुझ्या आईनं मला विचारलं, ह्यांना बघितलंस का. मला वाटलं, तू सांगितलं असशील. तू घरात होतीस ना." त्याला दोष द्यायचा नव्हता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. म्हणूनच तिला त्याच्यासमोर उभं राहवेना.

आणि आज रविवार. दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यात आरडाओरडा सुरू झाला. समोरच्या काकू लेकीच्या गावी कायमच्या निघाल्या होत्या आणि त्यांचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं होतं. "उभं घे, उभं!" "उभंच आहे की, आडवा तू आहेस!" "अरे, आधी पाय काढ माझा!" ती दार उघडून बाहेर आली तेव्हा काकू पायरीवर बसून हे सगळं एखादं नाटक बघावं तसं बघत होत्या. "आलं तेव्हा बरोबर आलं होतं गं," त्या म्हणाल्या. "तेव्हा ते बारीक होतं की जिना रुंद होता, कुणास ठाऊक. माझंही तसंच झालंय." मग त्यांनी कमरेची पिशवी उघडली आणि किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. या घराची किल्ली, दोऱ्यात ओवलेली, तीस वर्षांची. "आईला दे. म्हणावं, एकदाही उगाच वापरली नाही." ती किल्ली गरम होती, अंगाजवळ राहिल्याची ऊब. तिने आवाज खाली आणला. "काकू, तुम्ही आईला सांगितलं का नाहीत? तुम्ही दार लावत होतात. तुम्हाला माहीत होतं, उघडलं कुणी." काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही, कपाटाकडे बघत राहिल्या. "तू पाण्याचा पेला घेऊन उभी होतीस," त्या म्हणाल्या. "पाणी सांडत होतं तुझ्या पायावर, तुला कळत नव्हतं. ते बघितलं मी. मग काय सांगायचं? तिचा नवरा त्या दिवशी गेला. लेक पण मी घालवू?" "पण तुमचं आणि आईचं..." "आमचं काय, दोन म्हाताऱ्या. शेजार तिथेही मिळेल एखादा. लेकीच्या सोसायटीत लिफ्ट आहे म्हणे, त्यात गप्पा मारेन." त्या हसल्या, मग डाग असलेल्या हाताने तोंड पुसलं. "मी वाट बघितली पण," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला सांगू? पहिले चार-पाच महिने रोज बघितली. वाटायचं, आज ही पोरगी सांगेल आणि तुझी आई चहाला हाक मारेल." खालून कुणीतरी ओरडलं, "काकू, कपाटाचं दार काढावं लागेल!" "काढा बाबांनो," काकू म्हणाल्या, "सगळ्यांची दारं काढा."

ती आत आली. आतल्या खोलीत आई यंत्राशी बसली होती, खिडकीतला उजेड मानेवर, कुणाच्या तरी शाळेच्या गणवेशाची शिवण उसवत. यंत्र चालू नव्हतं. म्हणजे जिन्यातलं सगळं तिला ऐकू येत असणार; माणसांचे आवाज तरी. बाबांची खुर्ची पलंगाशेजारी तशीच होती. तिच्यावर आता कापडांच्या घड्या असत, आणि आई त्या घड्या बाबांच्या पद्धतीने घालायला लागली होती, मधोमध, तळहाताने दाबून. हे केव्हापासून, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं. तिने किल्ली मुठीत धरली होती. आधी कामाचं बोलावं, म्हणजे आवाज तरी सापडेल, असं वाटून ती म्हणाली, "आई, ऑफिसात विचारत होते. पुढच्या सोमवारी वर्ष होतंय. तुझा तो फोटो पुन्हा छापू का म्हणून. तू नाही म्हणालीस तर नाही छापणार. मी तसं सांगितलंय." आईने कात्री खाली ठेवली. जिन्यात माणसं कपाटाच्या बिजागऱ्यांशी झटापट करत होती. "मला विचारायला सांगितलं त्यांनी?" "मी सांगितलं, विचारायला हवं म्हणून." आईच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, बाबांची आठवण असावी, किंवा नुसता थकवा. "हे बरं केलंस," ती म्हणाली. "मागच्या वेळी कुणी विचारलं नव्हतं." मग टेप गळ्यातून काढून तिने बोटाभोवती गुंडाळायला घेतली, घट्ट, एकावर एक. "छापा," ती म्हणाली. "माझं काय जायचंय त्यात आता? माझं तोंड जगाने बघून झालंय. पण मोठा छापा. तो हात नीट दिसू दे. ती निघालीय ना आज, नव्या गावात लोकांना कळू दे कोण राहायला आलंय ते."

खोलीत उजेड तसाच होता. जिन्यात कुणीतरी "हां, आलं, आलं" म्हणालं आणि कपाट वळणावरून सुटल्याचा धप्प आवाज झाला. आता ते दोन मिनिटांत खाली पोचेल, मागोमाग काकू, मग खालचं फाटक. ती फोटोखालची ओळ मनात लिहू लागली, सवयीने, छोटी, क्रियापद शेवटी. पण शब्द पहिल्यांदाच बोलायला शिकणाऱ्या पोराच्या शब्दांसारखे तोंडात गोळा होत होते. तहान लागली होती. पाणी पिऊन येऊ, मग सांगू, असं मनात आलं आणि पाऊल स्वयंपाकघराकडे वळलंसुद्धा. तिथे ती थांबली. परत फिरली. बाबांच्या खुर्चीवरच्या घड्या उचलून पलंगावर ठेवल्या, आईच्या समोर त्या खुर्चीत बसली आणि गरम किल्ली यंत्राच्या पाटीवर, सुईजवळ ठेवली. आईने आधी किल्लीकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

"आई, दार मी उघडलं होतं," ती म्हणाली. "तो पाणी मागत होता आणि मी पाणी आणायला गेले. बाबा गेलेत हे मला माहीत होतं, तुला सांगायचं सोडून मी हात धूत बसले होते. काकू दार लावत होत्या, आई. तो हात दार लावतोय."